विळा मॅडम

आमच्या मॅडमच्या टेबलावर पेन सापडायचा नाही, पण विळा असायचा. पऱ्हाटीतलं, म्हणजे कपाशीतलं, गवत कापतात तसला, लाकडी मुठीचा, धार लावून लावून पोटात गेलेला. यवतमाळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपमागची लांबट खोली त्यांच्या ताब्यात होती आणि तिथे दर शनिवारी दुपारी कापणी चालायची. आठवडाभर खपून आम्ही बनवलेलं यकृत, मूत्रपिंड, हृदय त्या डाव्या हातात घ्यायच्या, सगळ्यांसमोर विळा फिरवायच्या आणि दोन फाका टेबलावर आपटायच्या. मग ठरलेलं वाक्य यायचं. "वरून सगळेच चांगले दिसतात. आतून दाखव."

खोलीत दोन थ्रीडी प्रिंटर होते. दवाखान्यातून रुग्णाचा सीटी स्कॅन यायचा. संगणकावर त्यातला हवा तो अवयव कडेकडेने आखून वेगळा करायचा, त्याचा साचा प्लास्टिकच्या थरावर थर चढवत प्रिंटरने छापायचा आणि साच्यात सिलिकॉनचं रबर ओतायचं. की झालं त्या माणसाचं मूत्रपिंड, त्याच्या खड्यासकट. सर्जन आधी त्याच्यावर हात बसवणार, मग माणसावर. स्कॅनवर नाव नसायचं. "नाव देव लक्षात ठेवते, आपण माप ठेवाचं," असं मॅडम म्हणायच्या. वर्गात त्यांची मराठी छापील असे. टोचायचं असलं की वऱ्हाडी सुरू होई. आम्हाला छापील मराठी फार थोडी ऐकायला मिळाली.

मी मारेगाव तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. माझं पहिलं यकृत मी रंगवून, पुसून, रुमालात गुंडाळून नेलं होतं. मॅडमनी ते हातात घेऊन दाबलं. "हे काळीज व्हय का गुळाची भेली? तुह्या मायनं लग्नात वाटाले देल्ली काय?" वर्ग हसला. विळा फिरला. आत हवेचे बुडबुडे निघाले. मी तिथेच म्हणाले, "मॅडम, आधी शिकवा, टोमणे मंग मारा." मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "टोमणेच शिकवून राह्यली मी. बाकी सारं पुस्तकात हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला मटणाच्या दुकानात नेलं. खरं काळीज हाताला कसं लागतं हे ज्याला माहीत नाही त्याने खोटं बनवू नये, असा त्यांचा कायदा होता. दुकानवाले चाचा ओळखीचे. "आइये मॅडम. आज गिऱ्हाईक बनून आल्या का पेपर घ्यायले?" त्यांनी गरम काळीज माझ्या तळहातावर ठेवलं. शेजारची मैत्रीण मागे सरकली, म्हणाली, "मॅडम, आज माझी चतुर्थी आहे." मॅडमनी तिचा हात धरून बकऱ्याच्या श्वासनळीवर ठेवला. "उपास तुहा हाय, बकऱ्याचा नाई." ती पोरगी रडली. पण त्या वर्षी सगळ्यात चांगली श्वासनळी तिनेच बनवली, हेही सांगितलं पाहिजे.

त्यांच्यात हा खाक्या वडिलांकडून आला होता. त्या ढाणकी गावच्या. वडील कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, कापसाची प्रत ठरवायचे. गाडी पुढे आली की ते वरच्या कापसाकडे बघायचेच नाहीत. खांद्यापर्यंत हात आत घालून तळची मूठ ओढून काढायचे. वर पांढराशुभ्र, आत ओला, किडका कापूस, कवडी. मग गाडीवाला त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. "बाबांच्या नावानं ढाणकीत कोणी कुत्रं पाळलं नाही, एवढीच दया झाली," असं मॅडम हसत सांगायच्या. आमच्या काळात बोंडअळी आली तेव्हा त्यांना नवीन दाखला मिळाला. "बोंड फोडल्याबिगर अळी दिसते काय? वरून हिरवंगार असते. तुमच्यासारखं." ज्यांच्या घरचं पीक तसं गेलं होतं ते माना खाली घालून बसले. मॅडमनी मान खाली घातलेल्यांचेच अवयव आधी कापले.

इरफान माझ्या एक वर्ष पुढे, पण काम आमचं सोबत. त्याचे अब्बा बसस्टँडमागे गाड्या दुरुस्त करायचे. संगणकावरची आखणी त्याची, ओतकाम माझं. तो मॅडमची नक्कल अशी करायचा की पाठमोरा बसला तर आम्ही दचकून उभे राहायचो. तोच खालच्या पट्टीतला खणखणीत आवाज, तेच वाक्याच्या शेवटी दात आवळणं. वर्कशॉपचं लेथ मशीन चालू असताना पलीकडच्या टोकाला ऐकू जायचा तो आवाज. मॅडमच्या तोंडून शिव्या खायच्या आणि इरफानच्या तोंडून त्याच शिव्यांवर हसायचं, असा आमचा शनिवार असे.

आमच्या अवयवांची एक खोड होती. साध्या सिलिकॉनला टाका घातला की दोरा खव्यातून निघावा तसा निघून यायचा. मला घरचा कापूस आठवला. आईने सरकी काढून, पिंजून, पापडासारखा पातळ पापुद्रा करून दिला. तो मी हृदय ओतताना सिलिकॉनच्या दोन थरांमध्ये अंथरला. टाका बसला, ओढला तरी टिकला. दवाखान्यातून डॉक्टरांचा निरोप आला की फारच छान. मॅडम मला म्हणाल्या, "दोरा टिकला. आता तू टिकतं का पाहू."

पुढच्या हंगामात तेच हृदय जमेना. साचा उघडला की जिथे कापूस तिथे चिकट लगदा. मी सिलिकॉन बदललं, माप बदललं, प्रिंटरला दोष दिला. मॅडमनी तो लगदा उचलला, नाकाशी नेला आणि माझ्या नाकासमोर धरला. "वास घे."

"कसला, मॅडम?"

"येत नाई ना? कसा येईन! त्याच्यातच झोपता तुम्ही. नाक मेलं तुमचं." फवारणीच्या औषधाचा अंश असला तरी हे रबर घट्ट होत नाही, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे कापूस घरात साठवतात, भाव यायची वाट पाहत. आढ्यापर्यंत गंजी लागते आणि आम्ही तिच्यावरच अंथरूण टाकतो. फवारणीचे डबे त्याच खोलीत, खाटेखाली. "कापूस घरात, इख घरात, लेकरंबी घरात," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "वरून त्याले औषध म्हंता. इंजिनिअर झाली म्हणे ही!"

"दुसरी खोली नाही आमच्याकडे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो मी उतरवला नाही.

मॅडमनी पुढच्या टेबलावरचा अवयव उचलला. रविवारी मात्र एसटीने मारेगावला उतरून, ऑटो करून त्या आमच्या दारात हजर. आईने पाट टाकला. मॅडम बसल्या नाहीत. सरळ आत जाऊन खाटेखालचे डबे ओढून काढले आणि आईवर सुरू झाल्या. "मराचं असल तं बाहेर मरा न बाई. घरात कायले? उद्या ही पोरगी कोनाचं काळीज बनवत बसन, तुमचं?"

आमची आई ऐकून घेणारी नाही. "बाई, तुमी पावन्या हा का यमाची सासू? आल्या आल्या मौतीच्या गोष्टी!" आणि मग त्यांच्याकडे नीट बघून म्हणाली, "घसा बसला वाट्टे तुमचा. जीभ मातर बसली नाई. चहा घ्या, अद्रक टाकतो."

मॅडमनी चहा घेतला. बाबांकडून निंबाच्या झाडाला पत्र्याची पेटी ठोकून घेतली, डबे तिच्यात ठेवायला लावले, कुलूप ओढून पाहिलं आणि परतीच्या वाटेला लागल्या. धन्यवाद कोणी कोणाला दिले नाहीत. घसा बसल्याचं मात्र आईनेच पहिल्यांदा ओळखलं, आम्ही रोज त्यांच्यासमोर असून नाही.

आवाज बसत गेला तसे आम्ही खूश होत गेलो. खोटं कशाला बोलू! शनिवारी खरखरत्या आवाजात शिवी निम्मीच बाहेर यायची, उरलेली त्या गिळायच्या. पोरं म्हणायची, "देवानं ऐकलं." इरफानने नक्कल सुधारून घेतली आणि खरखर आणली. आम्ही पोट धरून हसलो.

मग एका सकाळी मॅडमनी नवा स्कॅन इरफानच्या समोर ठेवला. गळ्याचा होता. स्वरयंत्रात गाठ. "नागपूरच्या सर्जनले पाह्यजे. अर्धं स्वरयंत्र ठेवता येते का पुरं काढा लागते, ते त्याले बनवलेल्यावर कापून पाहाचं हाय. अर्धं वाचलं तं आवाज राहीन. पुरं गेलं तं गळ्याले भोक अन् बोलनं बंद." इरफानने नियम विसरून विचारलं, "कोणाचा आहे मॅडम?"

"माहा."

सुपारीचं खांड कधी तोंडात न टाकलेली बाई ती. माझे डोळे भरले ते त्यांना दिसलं. "रडाचं असल तं बाहेर जा. रबरात पानी गेलं तं बुडबुडे येतात."

आठवडाभर आम्ही दुसरं काही केलं नाही. कूर्चा, म्हणजे गळ्याचं लवचीक हाड, कडक रबराची, पांढरी. आतलं मांस मऊ, गुलाबी. गाठ काळी, म्हणजे कापल्यावर तिची हद्द दिसावी. कापूस मी दवाखान्याच्या गुंडाळीतला घेतला. गाठीचा कडकपणा ठरवायला मॅडमनी माझं बोट धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवलं. "दाब. अजून. दुखलं तं सांगतो न मी, बोलता येऊन राह्यलं तोवर." मी दाबलं. ती गाठ माझ्या बोटाला आजही लागते. मी बनवलेली पहिली गाठ त्यांनी चिमटीत धरून फेकून दिली. "इतकी प्रेमळ नाई ते. दगड हाय दगड."

शनिवारी कापणी झाली. विळा फिरला, गळ्याच्या दोन फाका झाल्या. काळी गाठ गुलाबी मांसात छान गोल बसली होती आणि पांढरी कूर्चा अख्खी होती. म्हणजे अर्धं स्वरयंत्र वाचत होतं. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवणार होते. मॅडमनी फाक उजेडात धरली, मग संगणकावर मूळ स्कॅन उघडला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. कूर्चेत धुरकट सावली होती.

"इथं काय हाय, इरफान?"

इरफानने चित्र पुढे सरकवलं, मॅडमनी ते मागे आणलं.

"दिसली होती का नाई?"

"दिसली, मॅडम. पण ते हाडाचंबी असू शकते. कूर्चा वयानं कडक होते, तुम्हीच शिकवलं. एवढुसं तं हाय. म्हटलं..." त्यांची नक्कल करणारा, त्यांच्या खरखरीवर हसवणारा हा पोरगा. सावली त्यानेच पुसली होती.

"दया आली माही?" मॅडमचा आवाज आधीच गेलेला, त्यामुळे ते फारच हळू आलं आणि म्हणून फारच लागलं. "तुह्या अब्बाजवळ गाडी आली. ब्रेक गेला हाय. गिऱ्हाईक भला माणूस हाय म्हणून अब्बा म्हनन का, ब्रेक चांगला हाय, जा लेकरंबाळं घेऊन? माप घेताना दया आली का मानूस मरते, पोट्ट्या. तुले माहा आवाज ठेवाचा हाय अन् मले मारून टाकाचं हाय. दोन्ही फाका कचऱ्यात टाक. पह्यल्यापासून आख."

इरफान रडत रडत आखत होता. मॅडम मागे खुर्ची टाकून बसल्या. एकेक चित्र पुढे सरकायचं आणि त्या मागून म्हणायच्या, "घे. ते बी घे. तेबी माहंच हाय." सावली एका चित्रातून दुसऱ्यात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटी ती तुटक राहिली नाही. गाठीशी जोडली गेली.

या वेळी एकाच साच्यातून मी दोन गळे ओतले. एक घेऊन इरफान नागपूरच्या बसमध्ये बसला. दुसरा शनिवारी टेबलावर आला, कारण कापणी कोणासाठी चुकत नव्हती. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं ते. थर कुठे दिसत नव्हता, एक बुडबुडा नव्हता, टाका घातला तर बसला असता. माझ्याने मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं. मॅडमनी गळा डाव्या हातात घेतला, अंगठा आपल्या गळ्यावर जसा फिरवत तसा त्याच्यावर फिरवला आणि कापला.

पांढऱ्या कूर्चेतून काळं आरपार गेलं होतं. बाहेरच्या अंगापर्यंत. ठेवण्यासारखं अर्धं काही उरलं नव्हतं.

मॅडमनी दोन्ही फाका उजेडात धरल्या. मग त्या टेबलावर आपटल्या नाहीत, हळूच ठेवल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरोबर आहे."

कॉलेजच्या सगळ्या वर्षांत त्यांनी मला दिलेली शाबासकी ती एवढीच, आणि तीही छापील मराठीत. नागपूरच्या सर्जननेही गळा कापून तेच सांगितलं. ऑपरेशन झालं. त्यांचा आवाज गेला. माझ्या सगळ्यात चांगल्या कामाने काय केलं, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते. ते खरं बोललं.

त्या परत आल्या तेव्हा गळ्यावर पांढरा रुमाल होता, आणि हातात विळा. शनिवार सुरू झाला. पण आता विळा नुसताच फिरायचा. दोन फाका पडायच्या आणि मॅडम पुढच्या टेबलाकडे सरकायच्या. नव्या वर्षाची पोरं आली होती, त्यांनी तो आवाज ऐकलाच नव्हता. ती म्हणायची, "किती शांत मॅडम आहेत!" एकाने तर त्यांचं नाव शांताबाई ठेवलं. हे ऐकून माझं डोकं फिरलं. सात पिढ्यांचा उद्धार करून घेतलेल्या ग्रेडरच्या पोरीला शांताबाई!

इरफान तेव्हा त्याच खोलीत कामाला लागला होता, मी शेवटच्या वर्षाला होते. त्याने नव्या पोरांना गोळा केलं. "शांत? बसा. ऐकवतो." आणि त्याने आवाज काढला. बसायच्या आधीचा, लेथवरून जाणारा. "वरून सगळेच चांगले दिसतात. आतून दाखव." पोरं हसली आणि एकदम गप्प झाली. मॅडम दारात उभ्या होत्या.

इरफान पांढराफटक पडला. "मॅडम, माफ करा..." त्यांनी हाताने त्याला थांबवलं. आत आल्या, विळा उचलला आणि मुठीने टेबलावर ठोकलं. म्हण. पुन्हा.

त्याने म्हटलं. मॅडमनी मान हलवली, नाही. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. मला कळलं कुठे चुकतंय. तो प्रेमाने म्हणत होता. आवाज तोच, पण त्यात माया आली होती, आणि ती त्यांच्या आवाजात कधी नव्हती. मॅडमनी एका नव्या पोराचं हृदय उचलून इरफानपुढे धरलं. वरून तुकतुकीत रंगवलेलं, दाबलं की दबणारं. इरफानने त्याच्याकडे पाहिलं. दात आवळले. "हे हृदय व्हय का पोळ्याचा गोंडा? तुह्या मायनं बैलाच्या गळ्यात घालाले देल्ला काय?" त्या पोराचे डोळे भरले.

मॅडमनी मान डोलावली. ओठांनी म्हणाल्या, आवाज नाही, पण आम्हाला दोघांनाही दिसलं, बरोबर. आणि विळा फिरवला.

त्यानंतर शनिवार तसाच झाला. मॅडम कापायच्या, इरफान बोलायचा. काय बोलायचं ते त्यांच्या भुवईवरून त्याला कळे. कधी मवाळ बोलला तर मुठीचा ठोका पडे आणि तो वाक्य बदले. नव्या पोरांना दोघांचाही राग यायचा, आणि त्यांचे अवयव दिवसेंदिवस सुधारत गेले. असं दोन हंगाम चाललं. मग गाठ दुसरीकडे निघाली, आणि या वेळी कापण्यासारखं काही नव्हतं.

मॅडम गेल्या तेव्हा ढाणकीला त्यांना पोचवायला आम्ही दोघं गेलो होतो. नातेवाईक ओट्यावर बसून म्हणत होते, "शेवटी शेवटी लय शांत झाली होती बिचारी." इरफानने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं उठून रस्त्यावर आलो.

आता मी नागपुरात हेच काम करते. माझ्या टेबलावर विळा आहे, त्यांचाच. पोरं मला काय नाव ठेवतात ते मी विचारत नाही. मागे यवतमाळला गेले होते तेव्हा इरफानला म्हणाले, "एकदा काढ ना आवाज त्यांचा. एकदाच."

तो साचा पुसत होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

"काढीन बी," तो म्हणाला. "पन आता बरोबर हाय म्हणून सांगाले कोन हाय?"